टेकाडावरचं बेणं

रविवार, ४ जानेवारी २००४. घोडेगाव

हैदराबादच्या प्रयोगशाळेचा निकाल काल पोस्टाने आला आणि आज दिवसभर मी तोच कागद पुन्हा पुन्हा वाचते आहे. आकडे नोंदवहीत लिहून झाले. पण नोंदवहीत ‘जीव घाबरला’ असं लिहिता येत नाही, म्हणून ही दुसरी वही. मंचरच्या दुकानात डायऱ्या संपल्या होत्या, साधी दोनशे पानी मिळाली. तारखा माझ्या मीच घालीन.

धरणात आमचं गाव बुडालं तेव्हा गावाशेजारचं एक टेकाड तेवढं पाण्यावर राहिलं. त्यावर नदी सुरय नावाच्या पाखरांची वस्ती आहे. राखी पाठ, पिवळी चोच, डोक्यावर काळी टोपी. घराणं समुद्रपक्ष्यांचं, पण हे गोड्या पाण्यावर राहतात आणि वाळूत नुसती खळी करून अंडी घालतात. मागच्या उन्हाळ्यात तिथल्या बावीस पिल्लांच्या रक्ताचे थेंब मी तपासायला पाठवले, आणि ताडून बघायला उजनीच्या जलाशयावरच्या तीस पिल्लांचे. आईकडून पिल्लात जो वारसा उतरतो त्याचे प्रकार मोजायचे होते. उजनीत सहा निघाले. आमच्या टेकाडावर एकच, बावीसच्या बावीस पिल्लांत. आणि तो उजनीत नाही. आजवर कुठेच कुणी नोंदलेला नाही.

म्हणजे ही पाखरं वेगळी आहेत आणि एकटी आहेत. बाहेरून कुणी येत नाही, आपसांतच जोड्या लागतात. मागच्या वर्षी एकशे पंधरा अंड्यांतली फक्त एकतीस फुटली, त्याचं कारणही बहुधा हेच असावं.

पुण्याला सरांना फोन केला. ते माझे गाइड, सहसा खूश होत नाहीत. आज म्हणाले, “निर्मला, आता तुझ्या हातात पुरावा आहे.” टेकाडावर तंबू टाकून बोटिंग सुरू करायचा अर्ज गावातल्या सयाजीने केला आहे. त्यावर डिसेंबरात वनखात्याची समिती बसेल. ही वस्ती दुसरीकडे कुठेही नाही असं मी दोन वर्षांच्या नमुन्यांवरून दाखवलं, तर फेब्रुवारी ते जून टेकाड बंद ठेवायचं त्यांनी कबूल केलं आहे. एक वर्ष झालं, आता दुसरं.

छत्तिसाव्या वर्षी पीएच.डी.च्या मागे लागलेल्या बाईने खरं तर पेढे वाटायला हवेत. मला मात्र वाईट वाटत राहिलं. पाखरांच्या एकटेपणाचा कागद मिळाला म्हणून आनंद कसला करायचा?

रविवार, १८ जानेवारी

राघूतात्यांकडे गेले होते. हे माझे धाकटे चुलते. माझ्या वडिलांनी, अण्णांनी, मला शिकवायचं म्हणून आमची बकरी मोडली आणि मंचरला बिऱ्हाड केलं. तात्यांनी आपली ठेवली. आमच्यात मेंढ्यांना बकरीच म्हणतात, हे कॉलेजात सांगितलं की पोरं हसतात. आता तात्यांकडे चाळीसेक उरली असतील. धरणाचं पाणी मागे सरतं तसतसा त्यांचा वाडा, म्हणजे बकऱ्यांचा तळ, उघड्या गाळावरच्या गाळपेराच्या कडेने खाली सरकतो. तिथून टेकाड समोर दिसतं.

“निर्मे, तुजी टोपीवाली काय म्हंत्यात?” त्यांनी विचारलं.

मी सांगायला बसले. वारसा, प्रकार, उजनी. म्हातारा मान हलवत होता, पण डोळे बकऱ्यांकडे. मग मला एकदम सुचलं. म्हटलं, “तात्या, त्यांचं बेणं थकलंय.”

ते माझ्याकडे वळलेच. “म्हंजी भायेरचा मेंढा कदीच न्हाई आला?”

“कधीच नाही. सगळी एकाच रक्ताची.”

“मंग अंडी वांझ जायाचीच की! आमी तीन वर्सांच्या वर मेंढा ठिवत न्हाई. दुसऱ्याच्या वाड्यावर द्याचा, त्येचा आपल्यात आणायचा. त्यात रोख न्हाई चालत. मेंढ्याला मेंढा. नुसता आणला तर त्येचा वाडा मोडतो.” मग म्हणाले, “तुमी का न्हाई बदलत?”

मला हसू आलं. “पाखरांचं बेणं कोण बदलणार, तात्या? आपण फक्त मोजायचं.”

“मोजून बेणं सुदरतं व्हय?”

बाळाबाई काकी भाकरी थापत होती, तीही हसली. पण मी खरंच खूश होते. दोन वर्षं सरांना जे नीट समजावता आलं नाही ते तात्यांना एका शब्दात कळलं. पुढच्या व्याख्यानात हेच वापरीन. बाप मेंढक्या होता ते कुठे तरी कामी आलं.

रविवार, २९ फेब्रुवारी

मच्छीमारांच्या थर्माकोलच्या तराफ्यावर बसून टेकाडावर गेले. हे वाहन मला आवडत नाही आणि त्यालाही मी आवडत नाही, कमरेपर्यंत भिजवलं. चव्वेचाळीस घरटी. अजून अंडी घालताहेत.

परत येताना काठावर सयाजी भेटला. महाळुंगे पडवळच्या शाळेत आम्ही एका वर्गात होतो. माझी फळ्यावरची चित्रं त्याने पुसायची आणि मी त्याला गृहपाठ द्यायचा नाही, असं आमचं होतं. आता पांढरा शर्ट, हातात मोबाइल.

“मॅडम, तुमची पाखरं काय, कुटंबी बसत्याल. आमची पोरं कुटं बसवू सांगा. पाण्यात जमीन गेली, पाण्यावर तरी पोट भरू द्या.”

मी नेहमीसारखं तडकून बोलले. नंतर वाटलं, त्याचं चूक काय आहे? तो वाईट माणूस असता तर मला सोपं गेलं असतं.

गुरुवार, ११ मार्च

तात्या हल्ली पाखरांविषयी फार विचारतात. अंडं गार पडलं तर किती वेळ जगतं? दुसरीचं अंडं सुरय उबवते का? मी सांगितलं, खळीत अंडं असलं म्हणजे झालं, स्वतःचं की परक्याचं ती बघत नाही. “बकरीपरीस गरीब म्हनायची,” तात्या म्हणाले. बकरी वास घेऊन परकं कोकरू ढोसून लावते, त्यावरून.

घरातलं कुणी तरी माझ्या कामात रस घेतंय याचं मला फार बरं वाटलं. अण्णांनी कधी विचारलं नव्हतं. त्यांना फक्त मी खुर्चीवर बसलेली हवी होते.

मंगळवार, २३ मार्च

टेकाडावर घात झाला आहे. परवापर्यंत एकशे एकोणीस अंडी होती, आज पंचाण्णव. चोवीस खळ्यांतून एकेक अंडं गायब. टरफलं नाहीत, काही नाही. कावळ्याने फोडलं असतं तर खुणा राहिल्या असत्या. घोरपड म्हणावी तर ती खळीतलं सगळं खाते, एकेक सोडत नाही. चार तास उन्हात बसले, काही कळलं नाही. एवढ्या मोजक्या पाखरांची चोवीस अंडी. रडू आलं. तराफेवाला बघत होता म्हणून डोळ्यांत वाळू गेल्याचं सांगितलं.

तात्यांना सांगावं म्हणून वाड्यावर गेले तर ते नव्हते. काल पहाटेच लेकीकडे, लंकाकडे गेले, इंदापूरच्या बाजूला. काकी भडकलेली होती.

“माजी खुडूक कोंबडी पाटीत घालून घिऊन ग्येलं! अंड्यावं बसवनार व्हते मी तिला. जावयाला कापायची तर कोंबडा न्यावा. खुडूक कोंबडी कुनी पावण्याला नेतं का?”

मी म्हटलं, म्हातारी माणसं, लंकाला काही तरी न्यावंसं वाटलं असेल. काकी म्हणाली, “येष्टीत पाटीवर धोतराचं पांगरूण घालून बसलं म्हनं. मानसं हसली असत्याल.”

शनिवार, २७ मार्च

चमत्कारच म्हणायचा. अंडी परत एकशे अठरा. अंडं गेलं तर मादी पुन्हा घालते हे पुस्तकात आहे, पण इतक्या लवकर आणि इतक्या जणींनी एकदम? चोवीस गेली, तेवीस आली. नव्या अंड्यांवरचे ठिपके जरा दाट आहेत. दुसऱ्यांदा घातलेल्या अंड्यांचा रंग बदलतो का, हे सरांना विचारायचं.

आणखी एक. पाचसहा खळ्यांत काळ्या लोकरीचे झुबके सापडले. सुरय खळीत काही अंथरत नाहीत. वाऱ्याने वाड्यावरची लोकर उडत आली आणि पाखरांनी उचलली, असं दिसतंय. हे नवंच वर्तन आहे. यावर एक छोटा लेख होईल.

मंगळवार, २० एप्रिल

एकशे अठरापैकी अठ्ठ्याहत्तर फुटली! मागच्या वर्षी एकतीस होती. चाळीस पिल्लांचे थेंब घेतले. माझ्या बोटांवर त्यांच्या आयांनी मारलेल्या चोचींचे व्रण आहेत आणि आज ते मिरवावेसे वाटतात.

तात्यांना तराफ्यावर घालून दाखवायला नेलं. पायातली पायताणं काठावर काढून आले होते, देवळात आल्यासारखे. पिल्लं वाळूच्याच रंगाची, मला ती शोधायला दोन वर्षं लागली. ह्यांना लगेच दिसत होती.

“ह्यातली नवी कंची?” त्यांनी विचारलं.

“सगळीच नवी, तात्या. परवा तर जन्मली.”

ते हसले. बराच वेळ पाण्याकडे तोंड करून उभे होते. एवढं समाधानी मी त्यांना अण्णा गेल्यानंतर पहिल्यांदाच पाहिलं.

रविवार, १६ मे. लंकाकडे

उजनीच्या काठावर तीन दिवस. पस्तीस नमुने झाले. ऊन असं की बाटलीतलं पाणीसुद्धा भाजत होतं. मुक्काम लंकाकडे, म्हणजे तात्यांच्या लेकीकडे.

लंका जेवताना म्हणाली, “तात्या पाडव्यानंतर आलं आन् माज्यासंगट धड बोललं बी न्हाई, आक्का. पहिल्या सांच्याला होडीवाल्याला घिऊन जे ग्येलं ते अंदारल्यावं आलं. दुसऱ्या दिशी पुन्ना तेच. मला वाटलं मासं आनत्याल. रिकामंच आलं.”

म्हातारपणी माणसाला पाण्याची ओढ लागते, मी म्हटलं. गाव पाण्याखाली गेलेल्या माणसाला तर लागणारच.

मंगळवार, २८ सप्टेंबर

निकाल आला. तो कागद माझ्यासमोर आहे आणि मी दुपारपासून काही खाल्लेलं नाही.

टेकाडावरच्या चाळीस पिल्लांपैकी पंचवीस आपल्या प्रकारची. पंधरा उजनीच्या प्रकारांची. आणि उजनीच्या पस्तीसपैकी चार आपल्या प्रकारची. म्हणजे तिथल्या माद्या इथे येतात आणि इथल्या तिथे जातात. वेगळेपण नाही, एकटेपण नाही. मागच्या वर्षीचे बावीस नमुने अपुरे होते, एवढाच त्याचा अर्थ. दोन वर्षं मी ज्यावर उभी होते ती जमीनच नव्हती.

सरांना फोन केला. त्यांनी आकडे पुन्हा सांगायला लावले. मग म्हणाले, “एका वर्षात एवढा फरक? मोठ्या पक्ष्यांचे नमुने आहेत का?” नाहीत. मोठे पक्षी धरायची परवानगीच नव्हती. “मग एक वर्ष थांब.” कसं थांबू? समिती डिसेंबरात बसते. मी काही दिलं नाही तर तंबूंना आपोआप होकार.

पाखरांसाठी चांगली बातमी आहे, असं स्वतःला सांगून पाहिलं. नवं रक्त येतंय, अंडी फुटताहेत. तरी कागद हातातून सुटत नाही.

शुक्रवार, २२ ऑक्टोबर

अहवाल लिहिला. “येथील व उजनी येथील पक्ष्यांमध्ये दुतर्फा देवाणघेवाण होत असल्याचे आढळते.” हे वाक्य लिहायला आठ दिवस लागले. या वर्षीचे नमुने बाजूला ठेवून नुसता मागच्या वर्षीचा निकाल द्यावा, असंही मनात आलं. दोन दिवस आलं. इथे खोटं लिहायचं कारण नाही. पण नाही दिला. अण्णांनी बकरी मोडली ती मी खोटं लिहावं म्हणून नाही.

त्या वाक्याखाली, टेकाड तरीही बंद ठेवावं, अशी शिफारस जोडली आहे. तिला आधार काय, असं कुणी विचारलं तर मला उत्तर देता येणार नाही.

गुरुवार, ९ डिसेंबर

बैठक वीस मिनिटांत आटोपली. अध्यक्षांनी माझंच वाक्य मोठ्याने वाचलं. देवाणघेवाण होते, म्हणजे इथे जागा नसली तर पक्षी तिकडे जातील, बरोबर ना मॅडम? मी म्हणाले, तसं खात्रीने सांगता येत नाही. ते म्हणाले, पण वेगळे नाहीत ना? मी म्हणाले, नाहीत. सयाजीला तीन वर्षांची परवानगी मिळाली. त्याला आनंद लपवता येत नव्हता, तरी बाहेर त्याने मला चहा विचारला. मी घेतला. नाही कशाला म्हणायचं?

रविवार, १२ डिसेंबर

अक्षर वाईट येणार, पण आजच लिहायला हवं.

आज तात्यांना सांगायला गेले. वाटलं होतं त्यांना वाईट वाटेल, म्हणून आधी चांगली बाजू सांगितली. म्हटलं, तात्या, निकाल आला, उजनीची पाखरं आपल्याकडे येतात. पंधरा पिल्लं त्यांच्या रक्ताची निघाली.

म्हातारा उठून उभाच राहिला. “लागलं म्हन की बेणं! आगं ए, ऐकलं का, लागलं बेणं!” काकीला हाक मारली. “तेवीसातली पंदरा म्हंजी लई झाली.”

मी विचारलं, “कसली तेवीस?”

त्यांनी सगळं सांगितलं. काही लपवायचं आहे असं त्यांना वाटतच नव्हतं. चोवीस खळ्यांतून एकेक अंडं घेतलं, पाटीत लोकर घातली, वर खुडूक कोंबडी बसवली. इथून इंदापूरपर्यंत येष्टीत पाटी मांडीवर. होडीवाल्याला घेऊन उजनीच्या बेटावर जायचं, आपलं अंडं ठेवायचं आणि तिथलं उचलायचं. “अंड्याला अंडं. नुसतं न्हाई आणलं. एक वाटंत फुटलं, त्येचं मला लई वाईट वाटलं.” आठ-नऊ महिने ही गोष्ट पोटात ठेवली होती. माझा कागद आल्यावर मीच विचारीन, या भरवशावर.

मी ओरडले. काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. तुम्ही घात केलात, हे म्हटलेलं आठवतं. टेकाड गेलं तुमच्यामुळे. ती वेगळी होती म्हणून वाचणार होती, तेच वेगळेपण तुम्ही पुसून टाकलंत.

तात्या खाली बसले. काकी भाकरी सोडून बाहेर आली होती. तात्या म्हणाले, “तूच म्हनलीस, बेणं थकलंय. थकलेलं बेणं कुनी तसंच ठिवतं का, निर्मे?”

मी तिथून उठून आले. कारण मीच म्हणाले होते. थकलंय ते सांगितलं. पण तेवढंच ते एक जगात आहे आणि त्याच कागदाच्या जोरावर टेकाड वाचायचं आहे, हे सांगितलं नाही. एका शब्दात समजलं म्हणून मी उरलेलं सांगायचं टाळलं. कौतुकाने टाळलं.

नोंदवही काढून बसले आहे. चोवीस गेली, तेवीस आली. ठिपके दाट. लोकर. हे सगळं माझ्याच हाताने लिहिलेलं. मेंढक्याच्या पोरीला खळीतली लोकर बघून वारा आठवला.

मंगळवार, २१ डिसेंबर

समितीला पत्र लिहायला बसते आणि फाडते. खरं लिहायचं तर अंडी कुणी हलवली ते लिहावं लागेल. कायद्याने ती शिकारच धरतात. सत्तरीचा म्हातारा, त्याच्या मागे चौकीचे हेलपाटे. आणि न लिहावं तर फेब्रुवारीत पाखरं येतील तेव्हा टेकाडावर तंबूच्या खुंट्या असतील.

सर म्हणाले, “निर्णय तुझा. पण शास्त्रात अर्धवट काही नसतं.” फोनवरून बोलायला काय जातं.

नऊ दिवस झाले, मी वाड्यावर गेलेले नाही.

गुरुवार, ६ जानेवारी २००५

काकी घोडेगावला माझ्या खोलीवर आली. ती इथे कधीच येत नाही. म्हणाली, तात्या काल धुतलेलं धोतर नेसून एकटेच वनखात्याच्या कचेरीत गेले होते, कोंबडीची पाटी घेऊन. मी अंडी बदलली, माझं नाव लिवून घ्या आन् पोरीचा कागद खोटा धरा, असं तिथल्या माणसाला सांगितलं.

“आणि तो काय म्हणाला?” मी विचारलं.

काकीने पदराने तोंड पुसलं. “म्हनला, बाबा, ह्यो रिपोट प्रयोगशाळेचा हाय, शिक्क्याचा. तुमच्या कोंबडीचं आमी कुटं लिवू? सगळी हसली. मंग ह्यांना च्या दिला आन् येष्टीत बसवून दिलं.”

अटक केली असती तरी चाललं असतं, असं एक क्षण मनात आलं. त्याची लाज वाटते. हसले ते सहन होत नाही. ते हसले, कारण मी नीट, शुद्ध, शिक्क्याचं लिहिलं होतं.

काकीला ओझरला जाणाऱ्या गाडीत बसवून दिलं. ती विघ्नहराला नारळ फोडायला चालली होती. संध्याकाळी एका बैठकीत पत्र लिहिलं. अंडी हलवल्याची माहिती मला आहे, ती हलवणाऱ्या माणसाला त्यासाठी मीच उद्युक्त केलं आणि अहवालातला निष्कर्ष मी मागे घेते. तात्यांचं नाव नाही, माझं आहे.

शनिवार, १९ फेब्रुवारी

उत्तर आलं. “सदर टेकडीवरील पक्ष्यांचे नवीन नमुने सादर केल्यास फेरविचार करण्यात येईल.” माझ्यावर काही कारवाई नाही. तेही मनावर घेण्यासारखं कुणाला वाटलं नाही.

सरांनी नमुन्यांची तयारी करून ठेवायला सांगितली. ठेवली आहे. पाखरं अजून आलेली नाहीत.

रविवार, ६ मार्च

सयाजीच्या बोटीतून टेकाडावर गेले. त्यानेच नेलं, काही घेतलं नाही. चौदा तंबू, निळे. वाळू सपाट करून खुर्च्या मांडल्या आहेत. एक खळीही नाही. परवा तीसेक पाखरं आली होती म्हणे, दोन दिवस वर फिरली, ओरडली आणि गेली.

“मी पोरांना सांगितलं व्हतं, दगड मारू नका म्हनून,” सयाजी म्हणाला. “कुनी मारला न्हाई, मॅडम. आपसुक ग्येली.”

त्याच्यावर माझा विश्वास आहे. नमुन्याच्या रिकाम्या कुप्या तशाच परत आणल्या.

रविवार, १७ एप्रिल. लंकाकडे

तात्याच म्हणाले, चल. डिसेंबरनंतर आम्ही दोघं नीट बोललो नव्हतो. येष्टीत पुण्यापर्यंत मी खिडकीबाहेर बघत होते, पुण्यापासून भिगवणपर्यंतही. भिगवणच्या पुढे त्यांनी पिशवीतून शेंगा काढून माझ्या ओंजळीत घातल्या.

उन्हं उतरल्यावर उजनीच्या काठावर गेलो. समोरच्या बेटावर चारपाचशे सुरय तरी असतील. त्यांचा गलका चालला होता. मागच्या वर्षी तात्यांनी इथे ठेवलेल्या चोवीस अंड्यांतली किती फुटली, त्यातली किती पाखरं वर्षभर जगली, मला माहीत नाही. माझ्या नमुन्यांत आली ती चार. आपल्या टेकाडाचं जे काही उरल्याचं मला माहीत आहे ते या गर्दीत आहे, जगलं असलं तर. ते शोधायचं म्हणजे एकेक धरून रक्त घ्यायला हवं, आणि माझी परवानगी मार्चमध्ये संपली.

हे सगळं तात्यांना सांगितलं. या वेळी अर्धं ठेवलं नाही. आपली तीसेक मोठी पाखरं कुठे गेली असतील, हे मला माहीत नाही, तेही सांगितलं.

ते ऐकत होते. मग डोळ्यांवर हात धरून बराच वेळ बेटाकडे बघत राहिले. एकदम बोट उचललं.

“त्यो बग. पान्याच्या कडंला, एका पायावं. आपला हाय.”

“कशावरून, तात्या?”

“आपलं वळखू येतं की. त्यो बग आनिक एक, त्येच्या मागं. बग नीट.”

मी दुर्बीण लावली. राखी पाठ, पिवळी चोच, डोक्यावर काळी टोपी. शेजारच्याचीही तशीच, त्याच्या शेजारच्याचीही. तात्या एकेक दाखवत होते, तिसरा, चौथा. त्यांचा आवाज पुष्कळ महिन्यांनी मोकळा झाला होता, म्हणून मी हो म्हणत राहिले. अंधार पडेपर्यंत बघत होते. मला त्यातला एकही ओळखता आला नाही.